अक्काच्या उशाशी एक बटण

गेल्या वर्षी मार्गशीर्षात चार दिवसांसाठी सांगलीस अक्काकडे मुक्काम पडला. अक्का माझी थोरली बहीण, वय ब्याऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचा वावर पलंग आणि खुर्ची एवढ्यापुरताच उरला आहे. पहाटे सहज तिच्या खोलीत डोकावलो, तर बाहेर कडाक्याची थंडी आणि डोक्यावर पंखा भरधाव चाललेला. दोन चादरी आणि वर शाल गुंडाळून अक्का कुडकुडत पडली होती. निजताना डासांसाठी पंखा लावावा लागतो आणि पहाटे तोच नकोसा होतो, असा तो रोजचाच प्रकार होता. पंखा बंद करून मी विचारले, "हाक का मारली नाहीस?" ती म्हणाली, "दिवसभर राबती ती पोर. पंख्यासाठी रात्री किती वेळा उठवू तिला?"

पलंगापासून दाराजवळचा स्विचबोर्ड नऊ फुटांवर आहे. चालत्या माणसाला ते अंतर जाणवतही नाही. अक्कासाठी मात्र ते सुनेच्या झोपेइतके लांब झाले होते. या सदरात आजवर घरातील बऱ्याच उपकरणांविषयी लिहिले. या खेपेस स्वतः बनविलेल्या एका उपकरणाविषयी, आणि ते बनविताना हातून झालेल्या चुकांविषयीही लिहीत आहे.

दूरदर्शन संचाचा रिमोट ज्या किरणांवर चालतो, त्यांचा शोध तसा जुनाच. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि त्याच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा अधिक चढला. त्या अदृश्य उजेडाला आपण अवरक्त किरण म्हणतो. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा एलईडी दिवा साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे असेच किरण सोडतो. आपला डोळा सातशेच्या आसपासच थांबतो, म्हणून ते दिसत नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र ते पुष्कळदा दिसतात. रिमोट पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट ठीक आहे. बिघडलेला रिमोट दुकानात नेण्यापूर्वी ही परीक्षा घरीच करता येते.

पण अवरक्त किरण तर सूर्यही देतो आणि तापलेला बल्बही देतो. मग पंख्याने नेमके कोणाचे ऐकायचे? या प्रश्नाने आरंभीच्या रिमोटवाल्यांना चांगलेच छळले. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ या कंपनीने 'फ्लॅश-मॅटिक' नावाचा बिनतारी रिमोट आणला. संचाच्या चार कोपऱ्यांवर उजेड ओळखणारे सेल बसविलेले असत आणि हातातील विजेरीचा झोत त्यांच्यावर टाकायचा, अशी ती रचना होती. मात्र दिवाणखान्यात ऊन आले की त्या सेलवर ऊन पडे आणि संच आपल्या मर्जीने चालू लागे. यावरील तोड पुढे निघाली ती अशी, की किरण सलग सोडायचे नाहीत; सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकवायचे. उन्हाला ही लय साधत नाही. ग्रहण करणारा सुटा भागही तेवढीच लय ऐकतो आणि उरलेल्या उजेडाकडे कानाडोळा करतो. बाजारात तो 'टीएसओपी १७३८' या किंवा त्याच्या भावंडांच्या नावाने मिळतो. त्यातील शेवटचे ३८ म्हणजे अडतीस किलोहर्ट्झ. त्याला पाय तीन. एक पाच व्होल्टचा, एक अर्थचा आणि एक निरोपाचा. तीनही पायांचा क्रम निरनिराळ्या नमुन्यांत निरनिराळा असतो, हे ध्यानात न ठेवल्यामुळे मी पहिला भाग जाळला.

सामान पुण्यातच घेतले. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत अर्धा तास हिंडले की यातले सर्व मिळते, आणि फुकटचा सल्लाही मिळतो. पुन्हा सांगलीस गेलो तेव्हा अकरावीत शिकणारा अक्काचा नातू सहायक म्हणून लाभला.

पहिली रचना आम्ही जुन्या पद्धतीने केली. टीएसओपीच्या निरोपाच्या पायावर एरवी सुमारे पाच व्होल्ट असतात. किरण आले की ते शून्याजवळ येतात. ही घसरण '५५५' या सर्वपरिचित टायमरला दिली. रिमोटवरील एका दाबण्यात अशा डझनावारी घसरणी असतात. प्रत्येक घसरणीला पंखा चालू-बंद होऊ लागला, तर अनर्थच! म्हणून १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावून टायमरला पहिल्या घसरणीनंतर १.१ सेकंद एकाच स्थितीत राहावयास लावले. त्यापुढे 'सीडी ४०१७' हा मोजणी करणारा तुकडा. त्याची तिसरी पायरी पुसणीच्या पायाला जोडली की तो दोनापुढे मोजतच नाही. एकदा होय, एकदा नाही. होय म्हटले की ट्रान्झिस्टरमार्फत रिले ओढला जातो.

येथे रिलेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण साऱ्या कामाचा जीव त्याच्यात आहे. रिले म्हणजे विजेने ओढले जाणारे बटण. आत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून पाच व्होल्टचा थोडासा प्रवाह गेला की ते चुंबक होते आणि पलीकडची पट्टी 'टिक्' असा आवाज करून जागा बदलते. त्या पट्टीतून २३० व्होल्ट वाहतात. वेटोळे आणि पट्टी यांच्यात तारेचा कसलाही संबंध नसतो. म्हणजे एकाच डबीत दोन बिऱ्हाडे. अलीकडे पाच व्होल्टचे, जिथे मूल बोट घालील तरी बिघडणार नाही. पलीकडे २३० व्होल्टचे, जिथे चुकीला क्षमा नाही. मधली भिंत कोठेही पातळ होऊ द्यायची नाही. ठिपक्यांच्या बोर्डावर रिले बसविताना दोन्हींच्या मधले तांबे खरवडून मी आठ मिलिमीटरची कोरडी पट्टी ठेवली. पाच व्होल्टसाठी चांगल्या प्रतीचा मोबाइल चार्जर वापरला. काही पुस्तकांत ट्रान्सफॉर्मर टाळून केवळ एका कॅपॅसिटरने मेन्समधून कमी व्होल्ट काढण्याची युक्ती दिलेली असते. ती स्वस्त आहे आणि चालतेही. पण तिच्यात अलीकडचे सारे सर्किट थेट फेजला जोडलेले राहते. भिंतच उरत नाही. विद्यार्थ्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. वेटोळ्यावर उलटा डायोड लावण्यासही विसरू नये. रिले सुटताना त्याच्यातून उलटा झटका येतो आणि ट्रान्झिस्टर मरतो.

पंख्याकडील जोडणी मी परवानाधारक वायरमनकडून करून घेतली. चाळीस वर्षे वीजशास्त्र शिकवूनही भिंतीतील तारांना हात लावताना मी वायरमन बोलावतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पहिल्या दिवशी घरात कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, खोलीत भूत शिरलंय." संध्याकाळी बाहेरच्या खोलीत त्याने बातम्यांची वाहिनी बदलली की आत अक्काचा पंखा थांबे, आवाज वाढविला की पुन्हा सुरू होई. अवरक्त किरण भिंतीतून पार होत नाहीत, पण दार उघडे असले तर पांढऱ्या भिंतींवर आपटत आत पोहोचतात, आणि आमच्या रचनेला कोणताही अडतीस किलोहर्ट्झचा रिमोट चालत होता. लय ओळखायला तिला शिकविले होते, शब्द ओळखायला नव्हे. दुसरी अडचण खुद्द अक्काची. तिची बोटे थरथरतात आणि एकदा दाबलेले बटण लवकर सुटत नाही. दोन सेकंद दाबले की १.१ सेकंदाचा टायमर संपून पुन्हा सुरू होई आणि चालू झालेला पंखा लगेच बंद होई. सराव केला म्हणजे जमेल, असे मी तिला दोनदा सांगितलेही. नंतर लाज वाटली. ब्याऐंशी वर्षांच्या बोटांनी यंत्राप्रमाणे वागावे, ही अपेक्षा कारागिराची अब्रू घालविणारी आहे.

तेव्हा टायमर आणि मोजणीचा तुकडा काढून त्यांच्या जागी अर्दुइनोचा छोटा बोर्ड बसविला. रिमोटचे शब्द वाचण्याची आज्ञावली त्याच्यासाठी तयार मिळते. नातवाने ती एका दुपारी चढविली. अडगळीत पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट घेतला. तो 'एनईसी' नावाच्या भाषेत बोलतो, आणि ही भाषा इतकी नेटकी आहे की तिचे व्याकरण येथे सांगावेसे वाटते. आरंभी नऊ मिलिसेकंदांची लांब हाक आणि त्यानंतर साडेचार मिलिसेकंदांची शांतता. मग बत्तीस अंक, शून्य किंवा एक. प्रत्येक अंकात किरणांचा झोत सारखाच छोटा. अर्थ असतो तो त्यानंतरच्या शांततेत. शांतता सुमारे ०.५६ मिलिसेकंद असेल तर शून्य, १.६९ असेल तर एक. बत्तीसपैकी पहिले आठ अंक म्हणजे ज्याला हाक मारायची त्याचा पत्ता. पुढचे आठ म्हणजे तोच पत्ता उलटा करून. नंतर आठ अंकांत आज्ञा, आणि आठांत तीच आज्ञा उलटी. सरळ आणि उलट यांचा मेळ बसला नाही, तर ऐकणाऱ्याने ते बोलणे सोडून द्यायचे. हा सारा संवाद सुमारे ६८ मिलिसेकंदांत आटोपतो. बटण दाबूनच ठेवले, तर रिमोट पूर्ण वाक्य पुन्हा बोलत नाही. दर ११० मिलिसेकंदांनी 'अजून दाबलेले आहे' एवढीच छोटी खूण पाठवितो. त्या खुणांकडे दुर्लक्ष करायला आम्ही बोर्डाला सांगितले. अक्काने आता दहा सेकंद बटण दाबून धरले तरी पंखा एकदाच ऐकतो. आणि बाहेरच्या रिमोटचा पत्ताच निराळा असल्याने भूतही गेले.

रिमोटवर पस्तीसएक बटणे होती. नातवाने जुन्या वहीचा पुठ्ठा कापून वर बसविला आणि एकाच बटणापुरते भोक ठेवले. पलंगाच्या दांडीला तो नाडीने बांधला.

एक प्रश्न मात्र मला पहिल्यापासून टोचत होता. रिमोट हरवला, सेल संपले, चार्जर जळाला तर? यंत्राने सोय करावी, पण ते बिघडल्यावर माणूस पूर्वीपेक्षा अधिक परावलंबी होऊ नये. याचे उत्तर आपल्या जिन्यातच सापडले. जिन्याचा दिवा खालच्या बटणानेही लागतो आणि वरच्यानेही विझतो. दोन टू-वे बटणांच्या मध्ये दोन तारा असतात आणि दोन्ही बटणे एकाच तारेवर आली की दिवा लागतो. रिलेची पट्टीही मुळात टू-वेच असते. म्हणून भिंतीवर टू-वे बटण बसविले आणि वरच्या बटणाच्या जागी रिले जोडला. आता भिंतीवरूनही पंखा चालतो आणि पलंगावरूनही. इलेक्ट्रॉनिक भाग पूर्ण मेला, तरी रिले आपल्या विश्रांतीच्या बाजूला पडून राहतो आणि भिंतीवरचे बटण पूर्वीसारखेच काम देते.

या जोडणीने आणखी एक काम अनायासे साधले. वीज जाऊन परत आली की रिले नेहमी विश्रांतीच्या बाजूलाच असतो. भिंतीवरचे बटण त्याच बाजूच्या तारेवर ठेवले, तर वीज येताच पंखा आपोआप सुरू होतो. दुसऱ्या तारेवर ठेवले, तर बंदच राहतो. चैत्र-वैशाखात एक बाजू, मार्गशीर्षात दुसरी. हे मी योजिले नव्हते. भाचेसुनेने आठवड्याभरात हेरले आणि बटणाच्या दोन बाजूंना पेन्सिलने 'उन्हाळा', 'हिवाळा' असे लिहून ठेवले.

आता चूक सांगतो.

दिवाळीच्या साफसफाईत नातू स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता. चढण्यापूर्वी त्याने भिंतीवरचे बटण दाबून पंखा थांबविला होता. एरवी कोणत्याही घरात तेवढे पुरते. खाली त्याची आई अक्काला कुशीवर वळवून चादर बदलत होती. रिमोट अक्काच्या कोपराखाली आला आणि दाबला गेला. 'टिक्' वाजले. पाते फिरू लागले तेव्हा पोराचा हात त्याच्यावरच होता. पंखा आरंभी हळू असतो म्हणून बोटांवर निभावले. हातातील पाण्याचा तांब्या पलंगावर पडला आणि तो स्वतः स्टुलावरून उडी मारून बाजूला झाला. मला हे फोनवर कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जिन्याच्या जोडणीत कोणतेच एक बटण 'बंद' नसते. दुसऱ्या बटणाची जागा ठाऊक असल्याखेरीज पहिल्याला अर्थ नाही. जिन्यातील दिवा अचानक लागला तर कोणाचे काही जात नाही. पंख्याचे तसे नव्हे. मी दिव्याची रचना पंख्याला लावली आणि फिरणारी वस्तू आणि उजेडाची वस्तू यांतील भेद विसरलो. दोष पोराचा नव्हता, अक्काचा तर नव्हताच.

त्याच आठवड्यात जाऊन साऱ्या रचनेच्या आधी, फेजच्या तारेवर, एक साधे एकमार्गी बटण वायरमनकडून बसवून घेतले आणि त्याला लाल रंग दिला. ते बंद केले की रिमोट, भिंतीचे बटण, चार्जर सारेच मुके होतात. पंख्याला हात लावण्यापूर्वी लाल बटण, आणि पंखा उतरवायचा असेल तर पाटीवरील एमसीबीही, असा नियम ठरला. बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे टेस्टरने पाहून घेतले. जुन्या घरांत ते पुष्कळदा उलटे सापडते. न्यूट्रलवरच्या बटणाने पंखा थांबतो खरा, पण त्याच्या आतील तारांत फेज तसाच उभा असतो. त्याच भेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही घरात बसला. ज्या वाचकांकडे तो नसेल, त्यांनी रिमोटच्या आधी तो बसवावा.

उपकरण यशस्वी झाले की मागण्या वाढतात. भाचा म्हणाला, "मामा, पाणी तापवायच्या रॉडलाही असंच करून द्या." मी नकार दिला. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो आणि रिलेवर तर दहा अँपिअर छापलेले असते, मग हरकत काय, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर आहे, पण रिलेची पट्टी रोज तेवढा प्रवाह तोडताना झिजते, ठिणग्यांनी तिचे बिंदू कधीतरी एकमेकांना चिकटतात आणि मग वेटोळे सुटले तरी पट्टी सुटत नाही. पंखा चिकटला तर पंखा फिरत राहील. रॉड चिकटला तर बादलीतले पाणी आटेल आणि मग प्लॅस्टिकची बादलीच उरेल. पंखा साठ-सत्तर वॅटचा, दिवा नऊ वॅटचा. यांच्यापुढे हे उपकरण नेऊ नये, असे माझे मत आहे. इस्त्री, शेगडी, रॉड यांच्याकडे माणसाने चालत जाऊनच बटण दाबावे.

"आता वायफायवर चालणारे तयार मिळतात, कुठूनही चालतात," असेही त्याने ऐकवले. मिळतात, आणि चांगलेही असतात. पण 'कुठूनही' हाच त्यांतील शब्द मला अक्काच्या खोलीत नको होता. अवरक्त किरणांना भिंत अडविते, याला लोक उणीव समजतात. मला ती राखण वाटते. पंखा चालविणारा माणूस त्या खोलीतच, निदान उघड्या दारासमोर असावाच लागतो. शिवाय अक्काकडे ना फोन, ना पासवर्ड. चार्जर आणि बोर्ड मिळून रात्रंदिवस अर्धा वॅट खातात असे धरले, तर वर्षाला साडेचार युनिटांच्या आत खर्च येतो.

यंदाच्या थंडीत पुन्हा सांगलीस गेलो. रिलेचा 'टिक्' रात्रीच्या शांततेत मोठा वाटतो, म्हणून त्याच्या जागी आवाज न करणारा ट्रायॅकचा भाग नेला होता. त्याच्यात एक खोड असते. बंद असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो आणि छोटा एलईडी दिवा जोडलेला असेल तर तो मंद मिणमिणत राहतो. पंख्याला त्याचे काही नाही. टू-वेची जोडणी मात्र त्याने तशीच साधत नाही, तीही थोडी बदलावी लागणार होती. मी हत्यारे काढून बसलो, तोच भाचेसून दारात आली.

"मामा, तो आवाज राहू द्या," ती म्हणाली. "पहाटे टिक् वाजलं की मला आतल्या खोलीत कळतं, अक्का जाग्या आहेत. वाजलं नाही तर मीच उठून बघून येते."

मी हत्यारे परत पिशवीत ठेवली.